मोकळ्या जागेचा हिशेब

निघण्याआधी नियम ऐकून घ्या. या प्रवासात तुम्ही कोणाला दिसणार नाही, कोणाला अडवू शकणार नाही. प्रत्येक मुक्कामी मनाशी एकच गोष्ट विचारायची: इथे पिकलेल्या पैशाचा हिशेब कोणाच्या हातात आहे? गिरगावातून निघायचं आणि लालबाग-परळ करत दादरला पोचायचं. अंतर थोड्या मैलांचं, काळ दीडशे वर्षांचा.

1864, गिरगाव

ठाकूरद्वारला उभे राहा. खारा वारा थेट अंगावर येतो, कारण मधे मरीन ड्राइव्ह नाही. तो व्हायला अजून सत्तर वर्षं आहेत. शेजारून पागोटं घातलेला एक कारकून लगबगीने निघालाय. उपरण्याच्या गाठीत बायकोच्या पाटल्या आहेत. त्या गहाण टाकून तो ‘बॅक बे’चा शेअर घेणार आहे. ही कंपनी समोरचाच समुद्र भरून जमीन काढणार आहे. जमीन अजून पाण्याखाली आहे, पण शेअरचा भाव आभाळाला भिडलाय.

पैसा आला कुठून? अमेरिकेत 1861 साली यादवी पेटली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. शहरात इतका पैसा आला की तो ठेवायला बँका काढल्या, बँका पुरेनात म्हणून कंपन्या काढल्या. प्रेमचंद रायचंद या एका माणसाच्या शब्दावर कर्जं मंजूर होत होती. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचं भांडवल होतं. शेअर तारण ठेवून कर्ज देण्यावर तिला असलेली बंधनं 1863 च्या कायद्याने सैल केली. पूर यायच्या वेळीच बांधाचे दगड काढावेत, तसं झालं.

वर्षभर पुढे सरका. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतली लढाई संपते, कापसाचा भाव कोसळतो, आणि 1 जुलैला वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ येते तेव्हा देणारा कोणीच उरत नाही. बॅक बे कंपनी बुडते. मागोमाग बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागते. कारकुनाच्या पाटल्या सावकाराकडेच राहतात.

तरी सगळंच वाहून जात नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याचा तट पडला, शहर मोकळं झालं. प्रेमचंदांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. आणि कावसजी नानाभाई दावरांनी 1854 साली ताडदेवला जी गिरणी काढली होती, तिच्या वाटेने पुढचं भांडवल निघालं. कापूस परदेशी पाठवण्यापेक्षा इथेच सूत काढावं, हा शहाणपणा त्या पडझडीनंतर पक्का झाला. लालबाग-परळच्या गिरणगावाची जन्मकथा ही अशी आहे.

1924, डिलाईल रोड

आता चाळीच चाळी. पण या डिलाईल रोडच्या चाळी वेगळ्या दिसतात: सिमेंट-काँक्रीटच्या, उघड्याबोडक्या, धड गिलावा नसलेल्या. सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या, म्हणून बीडीडी. आत जा. एक खोली, 160 चौरस फूट. मजल्याच्या टोकाला सामायिक नळ आणि संडास. कोकणातून आलेले सहा-सात गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपतात. रातपाळीचा उठतो तेव्हा दिवसपाळीचा आडवा होतो, वळकटी मात्र तीच.

या भिंतींमागचा पैसा बघा. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या सरकारने मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर 1 रुपया कर बसवला आणि त्यातला वाटा कामगारांच्या घरांसाठी लावला. शहर ज्या मालावर श्रीमंत झालं, त्याच मालावर कर आणि तो माल ज्यांच्या हातून जातो त्यांच्यासाठी छप्पर! कल्पना म्हणून आजही ती ताजी वाटेल. पण अंमल? 50,000 खोल्या बांधायच्या ठरल्या होत्या, झाल्या सुमारे 16,000: वरळीला 121 चाळी, नायगावला 42, इथे डिलाईल रोडला 32, शिवडीला 12. सुरुवातीला भाडं परवडेना आणि खोलीत राहवेना, म्हणून कित्येक गाळे रिकामे पडले.

त्याच खात्याने समुद्र भरायचं बॅक बेचं जुनं स्वप्नही पुन्हा हाती घेतलं. त्यातली उधळपट्टी आणि गैरकारभार वकील वीर नरिमनांनी चव्हाट्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन सुटले. लोक त्या योजनेला ‘लॉइडचा वेडेपणा’ म्हणू लागले. एकच सरकार, एकच खातं, एकाच वेळची दोन कामं. चाळी अर्ध्याहून कमी झाल्या तरी शंभर वर्षं लोकांना पुरल्या. याचं एक कारण असं की तिथे पैसा कशासाठी आहे हे कर बसवतानाच ठरलं होतं.

1982, लालबाग

18 जानेवारीची पहाट. भारतमाता सिनेमाच्या समोर उभे राहा आणि कान द्या. रोज या वेळी एकामागून एक गिरणीचा भोंगा होतो आणि रस्ता माणसांनी भरून वाहतो. आज भोंगा झाला तरी फाटकातून कोणी आत जात नाही. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेलेत. पुढारी डॉ. दत्ता सामंत.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीजवळ दोघं बोलतायत. एक साचेखात्यातला जुना माणूस, दुसरा बदलीवाला पोरगा.

“दादा, किती दिवस चालंल?”

“महिना-दीड महिना. दिवाळी गोड होईल बघ.”

“खानावळवाल्या मावशींचं दोन महिन्यांचं द्यायचंय.”

“त्या कुठं पळून चालल्यात? आपली माणसं हायत ती.”

त्यांना थांबवता येणार नाही, हा नियम आहे. दिवाळी येईल आणि जाईल. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच होणार नाही. काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर जाईल. मावशींच्या खानावळी मोडतील. काहींना प्रेमा पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा आधार मिळेल, बाकीच्यांना घरची भांडी विकावी लागतील.

संपाची मागणी पगारवाढीची होती, बदलीवाल्यांना कायम करण्याची होती आणि आणखी एक होती जी आज फारशी कोणाला आठवत नाही: 1946 चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायदा रद्द करा. त्या कायद्याने सगळ्या गिरणी कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे, राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, ठेवला होता. अडीच लाख माणसं रस्त्यावर असली तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचा आवाज दुसऱ्याच्या खिशात होता. पुढे गिरण्यांच्या जमिनीचे व्यवहार सुरू झाले तेव्हा कामगार त्या खोलीत नव्हता. त्याची ही मुळं आहेत.

कापड विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा गिरणीखालची जमीन जास्त मोलाची झाली होती. मुंबईजवळ समुद्रात 1974 साली तेल सापडलं. शहराची खरी खाण मात्र लालबाग-परळमध्ये, पत्र्याच्या छपरांखाली होती. 58 गिरण्या आणि सुमारे 600 एकर.

1991 ते 2001, मंत्रालय आणि ऑस्लो

इथे जरा वेगळा प्रवास करू. एक पाय मंत्रालयात ठेवा, दुसरा नॉर्वेत, कारण सापडलेल्या पैशाचा हिशेब तिथेही मांडला जातोय.

नॉर्वेला 1969 च्या अखेरीस उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. 1990 साली तिथल्या संसदेने कायदा केला की तेलातून सरकारला येणारा पैसा एका निधीत जाईल. पुढच्याच वर्षी, 25 मार्च 1991 ला, मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू होते. तिचा नियम 58 गिरण्यांचा आहे. गिरणी पाडून जमिनीचा विकास करायचा असेल तर वाटणी करा: ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला उद्यान-मैदानासाठी, एक तृतीयांश राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, म्हाडाला, घरांसाठी, उरलेली मालकाला. लहान गिरणीत मालकाला 40 टक्के, मोठीत 30. कागदावर पाहिलं तर हा नियम ऑस्लोच्या कायद्याइतकाच सुज्ञ आहे. जमिनीचा भाव शहराने, रेल्वेने, रस्त्यांनी, लोकवस्तीने वाढवला. म्हणून वाढलेल्या भावातला वाटा शहराचा.

पण त्यात एक पळवाट आहे. उभ्या इमारती न पाडता नुसता वापर बदलला तर वाटणी लागत नाही. मग काय होणार? 1990 च्या दशकाच्या शेवटी लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात जाऊन बघा. जिथे सुताचे तंतू उडायचे तिथे बोलिंग अ‍ॅली सुरू झाली आहे, गुळगुळीत लाकडी पट्टीवरून चेंडू घरंगळतोय. बाहेर फाटकाशी जुने कामगार आपल्या देण्यांची चौकशी करत उभे आहेत.

1996. नॉर्वेच्या निधीत पहिली रक्कम जमा होते. त्याच वर्षी मुंबईत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, 25 गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा सरकारला दिला. आराखडा उघडून बघा. सुट्या सुट्या गिरण्यांचे तुकडे न पाडता त्यांची एकत्र मांडणी केली आहे; परळ आणि एल्फिन्स्टन स्टेशनांच्या तोंडाशी चौक मोकळे ठेवलेत, माणसांना पायी चालायला वाट आहे. आराखडा स्वीकारून तसं काम झालं नाही.

2001. नॉर्वे ठरवतं की निधीचं मूळ भांडवल खर्चायचं नाही, त्यावर जे अपेक्षित उत्पन्न येईल, तेव्हा साधारण 4 टक्के, तेवढंच वर्षाला वापरायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईचा नियम 58 बदलतो. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिथे आधीपासून बांधकाम उभं आहे ती जागा, बांधकाम पाडून तेवढंच नव्याने उभारलं तरी, वाटणीत येणार नाही.

हिशेब करून बघा. समजा 10 एकरांची गिरणी आहे आणि तिच्यातल्या 8 एकरांवर शेड, गोदामं, बॉयलर-घर आहे. जुन्या नियमाने गिरणी पाडली तर शहराला 3.3 एकर मैदान आणि म्हाडाला 2.7 एकर मिळाले असते. नव्या नियमाने हीच टक्केवारी उरलेल्या 2 एकरांना लावायची. मैदान 0.66 एकर, घरांना 0.54. टक्केवारीचा आकडा कुठेही बदलला नाही. टक्के कशाचे, एवढंच बदललं. आणि गिरणी म्हटली की जमिनीचा बहुतेक भाग शेडखालीच असणार.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. जुन्या नियमाने मालक पुढे येत नव्हते, जमिनी तशाच पडून होत्या, आजारी गिरण्यांतल्या कामगारांची देणी थकली होती. जमीन विकली गेली तरच हिशेब मिळेल असं सांगितलं गेलं. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने 2005 मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सरकारचा बदल कायम राहिला.

आज नॉर्वेच्या निधीत दीड लाख कोटी डॉलरहून जास्त रक्कम आहे, आणि देशाची लोकसंख्या 60 लाखांच्याही आत. तुलना तंतोतंत जुळत नाही हे खरं. तेल सापडलं तेव्हा तिथली लोकशाही आणि नोकरशाही आधीच मुरलेली होती. पण बोत्सवानाकडे तसं काही नव्हतं. 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. वर्षभरात हिरे सापडले आणि पुढे खाणींत सरकारने अर्धी भागीदारी मिळवली. त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने झाले. नायजेरियात 1956 ला तेल लागलं आणि नायजर नदीच्या मुखाशी राहणारी माणसं आजही तेलकट पाण्यात मासे शोधतात. जमिनीखाली काय आहे यावरून देशाचं भविष्य ठरलं असतं तर या दोघांची गोष्ट उलटी व्हायला हवी होती.

2012, लोअर परळ

आता डोकं मागे झुकवून वर बघा. काचेचे मनोरे दिसतील. पायाखालची जमीन मुंबई टेक्स्टाइल मिलची, सुमारे 17 एकर. एनटीसी ही सरकारी कंपनी. तिने 2005 मध्ये ही जमीन लिलावात डीएलएफला 702 कोटी रुपयांना विकली. 2012 मध्ये डीएलएफने ती लोढा समूहाला सुमारे 2,727 कोटींना विकली. सात वर्षांत जवळपास चौपट. हा व्यवहार कायदेशीर आहे, कोणी लपवलेला नाही. तो वाढावा ज्या नियमांनी एका बाजूला वळवला तेही कायदेशीरच आहेत. म्हणून तर गोष्ट गंभीर.

त्याच 2012 च्या जूनमध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली: 6,925 घरं. सोडतीला सभागृहात बसून बघा. पडद्यावर आकडे सरकतात. साठी-सत्तरीतली माणसं अर्जाची पावती चष्म्यापाशी धरून बसली आहेत. काहींच्या जागी सून आली आहे, काहींच्या जागी मुलगा. पुढच्या सोडती धरून 2020 पर्यंत आकडा 15,870 वर पोचला. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास होते. उरलेल्यांना आता शेलू, वांगणीची नावं सांगतात. लालबागच्या भोंग्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला कर्जतच्या वाटेवर घर!

2017, एल्फिन्स्टन पूल

29 सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी साडेदहा. उद्या दसरा. झेंडूच्या माळा घेतलेली माणसं, ऑफिसची बॅग पोटाशी धरलेली माणसं. पाऊस आला म्हणून जिन्यात थबकलेली, मागून गाडीतून उतरून येणारी. स्टेशनचा हा पादचारी पूल अरुंद आहे. तो गिरणीच्या पाळीसाठी होता. आता त्याच गिरण्यांच्या जागी बँका, वाहिन्या, जाहिरात कंपन्या आहेत आणि रोज लाखभर माणसं त्याच जिन्यावरून जातात. तुम्ही बाजूला व्हा. त्या चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली.

बरोबर तीन महिन्यांनी, 29 डिसेंबरच्या मध्यरात्री, जवळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून 14 जण दगावले.

कोरियांच्या 1996 च्या आराखड्यात स्टेशनांच्या तोंडाशी मोकळे चौक होते, हे तुम्ही मघाशी पाहिलं आहे. ते असते तर त्या दिवशी काय झालं असतं हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण 600 एकरांच्या परिसरात माणसांचा लोंढा येणार आहे हे ज्यांना आधीच कळलं होतं, त्यांनी ते लिहून सरकारच्या हातात दिलं होतं, हे मात्र खरं.

दादर, आज

शेवटचा मुक्काम चैत्यभूमीजवळ. समुद्राला लागून इंदू मिलची सुमारे 12 एकर जमीन आहे. तीही एनटीसीची, म्हणजे तीही लिलावात जाऊ शकली असती. बाबासाहेबांच्या स्मारकासाठी लोकांनी ती मागितली, 6 डिसेंबर 2011 ला कार्यकर्ते आत शिरून बसले, आणि सरकारला ऐकावं लागलं. 2015 मध्ये भूमिपूजन झालं. काम रेंगाळलं हे खरं, पण जमीन सार्वजनिक राहिली. गिरणगावात हे होऊ शकतं, याचा हा पुरावा. मागणारे होते, मोठ्या संख्येने होते आणि वेळेवर मागत होते.

2001 चा बदल झाला तेव्हा असा मोठा रेटा उभा राहिला नाही. न्यायालयात जायलाही चार वर्षं लागली. तोवर कित्येक गिरण्यांचे आराखडे मंजूर झाले होते.

आता खाण दुसरीकडे आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदर प्राधिकरणाची शेकडो हेक्टर जमीन आहे, बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे, धारावी आहे, रेसकोर्स आहे. विकास नियमावलीत बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुदत साधारण महिनाभराची असते. राजपत्रातली ती सूचना रूक्ष असते, बारीक अक्षरात असते आणि वर्तमानपत्रात ती निविदांच्या पानावर छापतात. ती वाचा. टक्के किती यापेक्षा टक्के कशाचे, हे आधी शोधा. आणि मुदत संपायच्या आत तुमची हरकत नोंदवा.